तीस हा आकडा सरांचा नव्हता

आमच्या मेडिकल कॉलेजात एका माणसाला गेली कित्येक वर्षं 'तीसमारखाँ' म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलेलंही नाही. हे नाव का पडलं असं विचारलं तर सांगतात, "ते स्टॅटिस्टिक्सचे सर होते ना, ते कुठल्याही अभ्यासाला तीसच पेशंट पुरे म्हणायचे." हे ऐकलं की मी विषय बदलतो. तीस या आकड्याचा त्यांच्याइतका वैरी सगळ्या पुण्यात सापडायचा नाही. ('सगळ्या पुण्यात' हे शब्द त्यांनी खोडले असते. ते मी मुद्दाम ठेवले आहेत.) आणि हे नाव त्यांना चिकटलं ते माझ्यामुळे.

आता त्यांना पंचाहत्तरावं लागतं आहे. विभागातली मंडळी कार्यक्रम करत आहेत, स्मरणिका काढत आहेत, आणि सर्वांत म्हातारा म्हणून मला चार शब्द लिहायला सांगितलं आहे. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आधी खरं लिहायचं आहे. पण खरं लिहायला बसलं की सरांच्या बाबतीत हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

मी सामाजिक आरोग्य विभागाचा प्रमुख होतो. सर त्याच विभागात संख्याशास्त्र शिकवायचे. आम्ही सगळे डॉक्टर, ते एकटेच डॉक्टर नव्हते. एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो, आणि प्रबंधाच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: किती माणसं तपासायची? जास्त घेतली तर वर्षं निघून जातात, कमी घेतली तर सगळी मेहनत पाण्यात. हा आकडा काढून देणं हे सरांचं काम. विद्यार्थ्यांना मात्र आकडा काढून नको असायचा, आपला ठरलेला आकडा पास करून हवा असायचा. तो बहुधा तीस असे. तीस कुठून आला ते कोणी सांगू शकत नसे. कुलदैवत जसं बापाकडून मुलाकडे येतं तसा तो गाईडकडून विद्यार्थ्याकडे यायचा.

म्हणून सरांच्या दारावर पाटी होती:

'तीस चालतील का?' हे विचारायला आला असाल तर उत्तर 'नाही' असे आहे. दार वाजवू नये.

काही दिवसांनी तिच्याखाली आणखी एक ओळ आली: 'मग पस्तीस?' यालाही वरील सूचना लागू.

तरीही दार वाजवून आत जाणाऱ्याला ते आधी बसवत, पाणी देत, आणि मग एकच प्रश्न विचारत. "किती फरक पडला तर तुम्हाला फरक पडेल?"

मुलं गोंधळायची. एक जण म्हणाला, "काहीही पडला तरी चालेल सर."

"असं कसं? तुमच्या नव्या औषधाने ताप पाच मिनिटं आधी उतरला तर चालेल?"

"नाही सर, पाच मिनिटं म्हणजे..."

"तासभर?"

"तासभर... तसा ठीक आहे."

"'तसा ठीक आहे' हे सूत्रात कुठे घालू? घरी जा. ज्याला ताप आला आहे अशा माणसाला विचारा, किती आधी उतरला तर तू जास्तीचे पैसे देशील. मग या. मोठा फरक शोधायला थोडी माणसं लागतात, बारीक फरक शोधायला पुष्कळ. तुम्ही काय शोधताय तेच सांगत नाही आणि मला म्हणता किती माणसं. हरवलंय काय ते न सांगता पोलिसात तक्रार करता का तुम्ही?"

तो मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, ते मला पोलिसात जा म्हणाले."

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण कोणी उच्चारली की सर हातातलं काम बाजूला ठेवत. "म्हण बरोबर आहे," ते म्हणत, "पण ती भाताबद्दल आहे. एक पातेलं, एक तांदूळ, एक आच, वर झाकण. एक शीत चेपलं की कळतं. माणसं काय एका पातेल्यात शिजतात?" मग ते समोरच्याला विचारत, "तुमच्या घरी कधी तळाशी करपलेला आणि वर कच्चा भात झालाय? मग किती शितं चेपाल? आणि कुठली?"

हे ते स्वतः पाळत. आंब्याची पेटी घेताना वरच्या थरातला, मधल्या थरातला आणि तळचा असे तीन आंबे काढायला लावत. "वरचा थर विकणाऱ्याचा, तळचा घेणाऱ्याचा," असं आंबेवाल्याच्या तोंडावर सांगत. त्या आंबेवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "हे साहेब इन्कम टॅक्समधले का?" मिसळ आली की आधी तळापासून ढवळायची, मगच पहिला घास. वेटर म्हणाला, "काका, जाळ आहे, आधी चाखून बघा." सर म्हणाले, "न ढवळता चाखली तर मी मिसळ चाखणार नाही, तर्री चाखेन."

पुण्यात मतांची टंचाई नाही, आणि प्रत्येक मत सगळ्या पुण्याचं असतं. आमचे एक सहकारी डबा खाताना म्हणाले, "त्या उड्डाणपुलाला सगळ्यांचा विरोध आहे."

"किती जणांना विचारलंत?" सर.

"विचारायचं काय त्यात? आमच्या सोसायटीत कोणालाही विचारा."

"म्हणजे सोसायटीचा विरोध आहे."

"हो."

"कुठली विंग?"

"आमची ए विंग."

"असं म्हणा ना मग," सर म्हणाले आणि लोणच्याची फोड उचलली. ते सहकारी पुढे कित्येक दिवस वेगळ्या टेबलावर जेवत.

सरांना टोला द्यायची ताकद असलेली एकच व्यक्ती होती, त्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांच्या घरी जेवायला गेलो असताना त्या वाढता वाढता म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या या शास्त्रज्ञांनी लग्नाआधी किती मुली बघितल्या माहिती आहे? दोन. मी दुसरी. तेव्हा कुठे गेलं होतं यांचं गणित?"

आम्ही सगळे सरांकडे बघायला लागलो. त्यांनी शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "फरक एवढा मोठा असला," ते म्हणाले, "की दोनही पुरतात."

वहिनी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नंतर आल्या तेव्हा त्यांच्या हातात श्रीखंड होतं, आणि ते फक्त सरांना दोनदा वाढलं गेलं.

अशा माणसाला तीसमारखाँ म्हणतात.

आता मूळ गोष्ट. करुणा नावाची माझी एक विद्यार्थिनी होती, यवतमाळकडची. वारज्याला आमच्या कॉलेजचं आरोग्य केंद्र होतं, तिथे तिची ड्यूटी असायची. धुण्याभांड्याची कामं करणारी एक बाई रात्रीची गोळी सकाळी घेऊन कामाला गेली आणि लोकांच्या ओट्याशी उभ्या उभ्या पेंगली. ते ऐकून करुणाच्या डोक्यात आलं की गोळ्यांच्या पाकिटांवर चित्रं काढावीत. सकाळच्या पाकिटावर सूर्य, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. अर्ध्या पेशंटना चित्रांची पाकिटं द्यायची, अर्ध्यांना नेहमीची, आणि महिन्याने घरी जाऊन बघायचं, गोळ्या नीट कोण घेतं.

कल्पना मला आवडली. मी म्हटलं, कर. ती सरांकडे गेली आणि सरांनी तिला तो प्रश्न विचारला. करुणा घरी गेली नाही. ती थेट वारज्याच्या केंद्रात पाकिटं भरून देणाऱ्या मावशींकडे गेली. किती लोकांचा फायदा झाला तर तुम्ही रोज एवढे सूर्य-चंद्र काढाल, असं तिने विचारलं. मावशी म्हणाल्या, "शंभरात पंधरा माणसं जास्तीची नीट गोळ्या घेणार असतील तर काढते की. त्याच्या खाली असंल तर मला हाय ते काम बास हाय."

सर हे उत्तर ऐकून इतके खूश झाले की त्यांनी करुणाला कॉफी पाजली. कॉलेजच्या इतिहासात अशी कॉफी कोणाला मिळाली नव्हती. मग आकडेमोड केली आणि सांगितलं, मधेच गळणारे पेशंट धरून दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे.

मी ते ऐकलं आणि वैतागलो. मला एका परिषदेत हा निबंध वाचायचा होता. तिथे एका सत्राचं अध्यक्षपद मला मिळणार होतं, आणि त्याआधी हा अभ्यास हातात हवा होता. चारशे माणसांची घरं हिंडायची तर ती परिषद होऊन जाणार. मी करुणाला सांगितलं, तीस-तीस घे.

"पण सर, ते म्हणतात तिसांत फरक दिसत नाही. काऊन घ्यायचे मग तीसच?"

"माझ्या प्रबंधात तीस होते. माझ्या गाईडच्या प्रबंधात तीस होते. आमचं काही अडलं का?"

दुपारी सर माझ्या केबिनमध्ये आले. "डॉक्टर, पंधराचा फरक खराखुरा असला तरी तीस-तीस माणसांत तो पाचातल्या चार वेळा निसटून जाईल. गव्हाच्या चाळणीत रवा ओतायचा आणि वर काही राहिलं नाही म्हणून रवा नव्हताच म्हणायचं, असं होईल."

"गाईड मी आहे," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे," ते म्हणाले आणि गेले.

झालं तसंच. सूर्य-चंद्राच्या बाजूची चार-पाच माणसं जास्त नीट गोळ्या घेत होती, पण तिसांत चार-पाच म्हणजे योगायोगही असू शकतो. प्रबंध इंग्रजीत होता. केंद्राला द्यायचा गोषवारा मराठीत होता, त्यात करुणाने लिहिलं, 'या अभ्यासात फरक आढळला नाही.' मला ते वाक्य लुळं वाटलं. मी ते खोडून ठसठशीत केलं: 'चित्रांच्या पाकिटांनी फरक पडत नाही.'

सरांनी ते वाचलं. "डॉक्टर, मला माझा चष्मा सापडला नाही, आणि माझ्याकडे चष्माच नाही. दोन्ही वाक्यं सारखी का?"

मी म्हटलं, "वाचणाऱ्याला काय फरक पडतो?"

फरक पडला. केंद्राच्या प्रमुखांनी माझं वाक्य वाचून पाकिटांवरची चित्रं बंद केली. मावशींनी रंगाचे खडू कपाटात ठेवून दिले.

मग परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आले होते. माणूस हुशार आणि विनोदाची हौस असलेला. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, "फक्त तीस-तीस? ही संख्या काढली कोणी?"

करुणाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी."

सर खिडकीपाशी बसले होते. परीक्षक त्यांच्याकडे वळून म्हणाले, "वा. म्हणजे तुमच्याकडे तीसमारखाँ आहेत तर." सगळी खोली हसली. मी मनापासून हसलो, कारण माझ्यावरचा प्रश्न टळला होता. हसता हसता परीक्षकांनी सरांना विचारलं, "काय हो, एवढी माणसं पुरतात?"

सर म्हणाले, "तीस माणसांत जेवढं दिसतं, तेवढं या मुलीने बरोबर मांडलं आहे."

करुणा पास झाली. मी परिषदेला गेलो, अध्यक्षपद भूषवलं, निबंधाला टाळ्याही पडल्या. परत येईपर्यंत ते नाव कॅन्टीनपर्यंत पोचलं होतं. दुसऱ्या वर्षी ते पहिल्या वर्षाच्या मुलांना पाठ होतं. कोणीतरी पाटीखाली खडूने लिहिलं, 'तीसमारखाँ आत आहेत.' सरांनी ते पुसलं नाही, त्यातला 'खाँ'वरचा चंद्रबिंदू तेवढा नीट केला. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. आंब्याच्या दिवसांत पेटीतले आंबे नेहमीसारखे माझ्या टेबलावर आले. तळच्या थरातले, उत्तम.

करुणा यवतमाळकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात लागली आणि तिने तोच अभ्यास पुन्हा केला. या वेळी तिला गाईड नव्हता. तिने दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे माणसं घेतली, आणि आकडे घेऊन एक दिवस पुण्यात सरांच्या खोलीत आली. ती आत असताना मी व्हरांड्यातून दोनदा उगाच गेलो. थोड्या वेळाने सर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. पेढे तीन वेगवेगळ्या ताटांतले असणार, कारण रंग सारखे नव्हते.

"घ्या डॉक्टर. आढळला."

"काय?"

"फरक."

त्यांच्या मागे करुणा उभी होती आणि हसत होती. दोघांपैकी कोणीही मला टोमणा मारला नाही. मी दोन पेढे खाल्ले. वारज्याच्या केंद्रात मी स्वतः फोन केला, आणि मावशींनी खडू बाहेर काढले. केंद्राच्या प्रमुखांनी कारण विचारलं तेव्हा मी 'नवीन पुरावा आला आहे' असं मोघम सांगितलं. तेव्हा सगळं सांगायची संधी होती. मी ती घेतली नाही, आणि मग दर वर्षी ती थोडी थोडी अवघड होत गेली.

गेल्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेलो. ते आता सिंहगड रोडला राहतात. स्वारगेटवरून रिक्षा केली. रिक्षात मी काय बोलायचं ते घोकत होतो, त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही. वहिनींनी दार उघडलं. सर टीव्हीवर निवडणुकीचे अंदाज बघत बसले होते आणि निवेदकाला नावं ठेवत होते. त्यांनी आवाज बंद केला आणि मी सगळं बोलून टाकलं. तीस मी सांगितले, नाव तुमच्यावर गेलं, आता स्मरणिकेत तसं लिहिणार आहे.

"लिहा," सर म्हणाले.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मी दोनशे सांगितले होते असं म्हटलं असतं, तर परीक्षकांनी लगेच तिला विचारलं असतं, मग बाई, तू का नाही घेतलेस? तिने काय सांगायचं? गाईडने घेऊ दिले नाहीत? तुमच्यासमोर? परीक्षा तिची होती."

"माझा राग नाही आला?"

"आला ना. चांगला आठवडाभर आला. मग प्रबंधांचा मोसम सुरू झाला, वेळच मिळाला नाही."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"यांना नसेल वाटलं," त्या म्हणाल्या. "आम्ही मंडईत होतो. एक तरुण डॉक्टर आला, भर गर्दीत यांच्या पाया पडला. मला बरं वाटलं. मग तो त्याच्या बायकोला म्हणाला, हेच आमचे तीसमारखाँ. ती बिचारी माझ्याकडे बघून हसली. मी हातातली मेथी निवडत राहिले. घरी आल्यावर यांना विचारलं, तर म्हणाले, आपल्या आडनावापेक्षा बरं आहे. मला काही हसू आलं नाही, डॉक्टर."

सर माझ्याकडे वळले.

"हे बघा, लिहा जरूर. पण स्मरणिका वाचतो कोण? लोक आपला फोटो कुठे आहे ते बघतात आणि मिटून ठेवतात. तुम्ही ते वाक्य तोंडाने बोलला होतात. तोंडानेच मागे घ्या."

आमच्या विभागाचा व्हॉट्सॲपवर गट आहे. निवृत्त, नोकरीतले, नवे विद्यार्थी, सगळे त्यात. मला त्यात बोलून पाठवता येत नाही, म्हणून वहिनींनी माझा फोन घेतला आणि माईकच्या चिन्हावर बोट दाबून धरलं. मी उभा राहिलो. का ते माहीत नाही, बसून बोलवेना.

"नमस्कार. काही वर्षांपूर्वी आपल्या विभागात एक चूक झाली..."

"थांबा," सर म्हणाले. "पुसा ते. चूक आपोआप होत नाही. पाऊस होतो. कर्ता सांगा."

वहिनींनी पुसलं आणि पुन्हा बोट दाबलं.

"करुणाच्या प्रबंधात तीस हा आकडा मी घ्यायला लावला होता. सरांनी दोनशे सांगितले होते. परीक्षेत मला विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं आणि सरांचं नाव घेतलं. सरांनी आयुष्यात कोणाला तीस सांगितलेले नाहीत."

वहिनींनी बोट उचललं. फोनने तो बारीक आवाज केला आणि निरोप गेला. मी खाली बसलो. वहिनी चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. जाताना त्यांनी मला विचारलं, साखर किती, आणि मी सांगितलं त्यापेक्षा जास्त घातली.

चहा संपायच्या आत फोन वाजला. स्मरणिकेचं काम बघणारी विभागातली तरुण प्राध्यापिका होती. मी स्पीकर लावला.

"सर, आत्ता ऐकलं मी तुमचं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. एक प्रॉब्लेम झालाय पण. कार्यक्रमाचं बॅनर छापायला गेलंय, त्यावर 'आमचे लाडके तीसमारखाँ' असं टाकलंय. आत्ताच फोन करून थांबवते. पण मग त्याच्या जागी काय टाकू? त्यांना म्हणायचं काय आता?"

मी सरांकडे पाहिलं. वहिनीही कप हातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. सरांनी बशीतला उरलेला चहा संपवला आणि टीव्हीचा रिमोट हातात घेतला.

"'सर' म्हणा म्हणावं," ते म्हणाले. "त्याला काय धाड भरली आहे?"